जेवल्याशिवाय उठायचं नाही

मागच्या ऑक्टोबरात आमच्या यांनी समोरच्या घराचं दार वाजवलं, पाणी मागितलं, आत जाऊन बसले आणि त्या घरच्या बाईला तिचा मुलगा गेल्याची बातमी दिली. मुलगा ठणठणीत होता. लॉरी चालवतो तो. त्या वेळी कॉर्कच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाशी थांबून सँडविच खात होता आणि फोन गाडीतच राहिला होता. आई इकडे फोन लावतेय, लावतेय, आणि तो उचलत नाही. वीस मिनिटं हे चाललं होतं. त्या वीस मिनिटांत तिचं काय झालं असेल ते मला कुणी समजावून सांगायला नको.

मी तेव्हा कुठे होते? आमच्या स्वयंपाकघरात, कांदा चिरत. हे मागच्या अंगणात ऊन खात बसलेत असं मी धरून चालले होते. आयर्लंडातल्या मलिंगारमध्ये, ऑक्टोबरात, ऊन. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. हे कोण, आणि लोकांच्या घरी जाऊन मरणाच्या बातम्या का देत सुटले, ते आधी सांगते.

आम्ही पुण्याचे, मेथडिस्ट ख्रिस्ती. इथल्या मराठी मंडळातल्या मुली चांगल्या आहेत बिचाऱ्या, गणपतीला आम्हाला आवर्जून बोलावतात. पण दर वर्षी एखादी नवीन आलेली मला विचारतेच, "काकू, तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं बोलता?" अगं बाई, मग काय हिब्रूत बोलू? मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठीच शिकवलं मी. इथल्या आयरिश लोकांची वेगळीच तऱ्हा. त्यांना भारतातले ख्रिस्ती म्हणजे केरळचे कॅथलिक एवढंच ठाऊक, त्यामुळे मेथडिस्ट म्हटलं की चेहरा जरा विचारात पडतो. आमच्या इथल्या चर्चमध्ये रविवारी वीस डोकी जमली तर गर्दी झाली म्हणायची.

हे पाळक, म्हणजे चर्चचे पुजारी म्हणा. लग्न झालं तेव्हा एका तालुक्याच्या गावी चर्चची मंडळी सांभाळत होते. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, फौजेत पाद्री म्हणून गेले. फौजेत पंडित असतो, मौलवी असतो, ग्रंथी असतो, तसा ख्रिस्ती जवान जास्त असलेल्या पलटणीत पाद्री असतो. नायब सुभेदाराचा हुद्दा, पण हातात बंदूक नाही. रविवारची उपासना घ्यायची, इस्पितळात आजाऱ्यांजवळ बसायचं, पोरांची भांडणं सोडवायची, त्यांची घरची पत्रं वाचून दाखवायची. यांच्या पलटणीतली बरीच पोरं झारखंड-ओडिशाकडच्या जंगलातल्या गावांतली. तार पोचायला आठवडा लागेल अशी ती गावं. म्हणून यांच्या मोठ्या साहेबांनी एक रीत घातली होती. कुणी पोरगा गेला, की त्याची शवपेटी गावात पोचायच्या आदल्या दिवशी पाद्रीने पुढे जायचं आणि घरच्यांना सांगायचं. पोरगा ख्रिस्ती असो वा नसो, यांनाच पाठवायचे. कारण यांना ते जमत होतं.

जमत होतं म्हणजे यांची एक ठरलेली पद्धत होती. पेन्शनीत निघाल्यावर एकदा, एकदाच, त्यांनी ती मला सांगितली. दारात कधी सांगायचं नाही. आधी पाणी मागायचं. पाण्याला नाही म्हणणारं घर नसतं, आणि पाणी द्यायचं म्हणजे माणसाला आत घ्यावं लागतं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि बाई खाली बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग त्या पोराचं पूर्ण नाव घ्यायचं आणि 'गेला' म्हणायचं. 'जखमी आहे', 'तब्येत जरा बरी नाही', असं करत करत पोचायचं नाही. पुढे ते विचारतील तेवढंच सांगायचं, आणि खोटं सांगायचं नाही. शेवटी काय बोलला असं सगळ्या आया विचारतात. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. प्रार्थना त्यांनी मागितली तरच करायची. आणि घरातल्या त्या माणसाने काहीतरी खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. आपणही तोवर काही खायचं नाही. चूल पेटली, तिच्या पोटात दोन घास गेले, की टोपी घालायची आणि 'येतो' म्हणायचं.

एका गावात एक आई दोन दिवस काही खाईना. हे दोन दिवस तिच्या ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी तिने पेज केली आणि आधी यांना वाढायला आली. हे म्हणाले, आधी तू. तिने खाल्लं, मग हे उठले आणि सहा कोस चालत स्टेशनवर गेले.

हे सगळं मी निमूट ऐकून घेतलं. आणि मग माझं डोकं फिरलं, कारण आमच्याही घरी एक मरण झालं होतं.

आमचा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. ताप आला, मिशनच्या दवाखान्यात चार दिवस ठेवला, पाचव्या दिवशी संपलं. हे तेव्हा वर सीमेवर, बर्फात होते. तार मिळाली, पण रस्ता बंद, निघता येईना. बाविसाव्या दिवशी घरी आले. दारात उभे राहिले आणि पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं आणलं. मला वाटलं आता बसतील. ते उभ्याउभ्याच प्यायले, भांडं माझ्या हातात दिलं आणि चर्चच्या पत्र्याला गळती लागली होती ती बघायला गेले. पुढे त्या पोराचं नाव त्यांनी घरात काढलं नाही. मग मीही काढलं नाही.

त्यांनी पद्धत सांगितली त्या दिवशी मी विचारलंच. म्हटलं, "परक्यांच्या ओट्यावर दोन दोन दिवस बसलात. माझ्याजवळ का नाही बसलात?"

मग म्हणाले, "अगं, बातमी तुझ्याकडेच होती. मी काय घेऊन येणार होतो?"

याची मी त्यांना क्षमा केलेली नाही. पाळकाच्या बायकोने असं लिहू नये हे मला कळतं. रविवारी रविवारी त्यांच्या तोंडून क्षमेवरची प्रवचनं ऐकली, चांगली द्यायचे, मंडळीतल्या बायका रडायच्या. मी पहिल्या बाकावर बसून ऐकायचे आणि त्या पत्र्याचा विचार करायचे.

मुलानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. ती नर्स झाली, इथल्या इस्पितळात लागली, जावई रोज लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जातो. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला इथे आणलं. पहिली काही वर्षं बरी गेली. हे कधीमधी इथल्या चर्चमध्ये प्रवचनही द्यायचे. मग विसरायला लागले. स्वेटर खालून उसवत जातो तसं झालं. आधी आयर्लंड गेलं, मग लेकीचं लग्न, मग पेन्शनीनंतरची पुण्यातली वर्षं. मग मी गेले. पलटण तेवढी राहिली.

लेक सांगते, असे पेशंट चिडतात, शिव्या देतात, अंगावर धावून येतात. हे तसलं काही करत नाहीत. हे मला "बाई" म्हणतात, "तुम्ही" म्हणतात, मी खोलीत गेले की उठून उभे राहतात. लग्नाला पन्नास वर्षं झाली, इतक्या अदबीने कधी वागले नव्हते. आयुष्यभर "अगं ए, माझा चष्मा कुठाय" असं ओरडणारा माणूस. ते "अगं" पुन्हा ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

तर ऑक्टोबरातली ती सकाळ. आमचं पुढचं दार उघडं दिसलं तशी मी चपला घालून बाहेर धावले. समोरच्या घराचंही दार उघडं. आत गेले तर ती बाई सोफ्यावर, फोन कानाला, तोंडाने सारखं "पिक अप, पिक अप" म्हणतेय. आणि हे तिच्या समोरच्या खुर्चीवर ताठ बसलेले, निळा ब्लेझर घातलेला, इथले म्हातारे घालतात ती चपटी टोपी गुडघ्यावर ठेवलेली. ती टोपी बघितली आणि मला सगळं कळलं. बाई मला म्हणाली, "हे सांगतायत माझा मुलगा गेला. यांना कसं कळलं? गार्डांनी यांना पाठवलंय का?" गार्ड म्हणजे इथले पोलीस. मी म्हटलं, खरं नाही, हे आजारी आहेत, यांना काही कळत नाही. पण एकदा कानावर पडलेलं असं मी सांगून थोडंच पुसलं जाणार होतं? तिचा फोन वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. मुलाचा आवाज ऐकला आणि ती सोफ्यावरून घसरून खाली बसली.

हे शांतपणे मला म्हणाले, "या बाईंना काहीतरी खायला द्या."

तिने तक्रार केली नाही, हे मी मुद्दाम लिहिते. उलट दोन दिवसांनी ॲपल टार्ट घेऊन आली, यांच्याशी हात मिळवला, मला म्हणाली, "काही काळजी करू नका, सगळं ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीक. पण आवाज तिचा अजून थरथरत होता. आणि ती कॉलनी केवढी, चाळीस घरांची. बातमीच्या दिवशी संध्याकाळपर्यंतच सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या आठवड्यात पब्लिक हेल्थ नर्स येऊन यांना तपासून गेली.

आम्ही दाराला वरून कडी लावली. ते तर बातमीहून वाईट झालं. हे सकाळी ब्लेझर घालून, टोपी हातात घेऊन दारापाशी उभे राहायचे. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. "पेटी उद्या पोचेल. मला आज पोचलं पाहिजे. गाडी का नाही आली?" असं हळू आवाजात, कुणावर न चिडता, तासन् तास. पाय सुजले. एकदा दार नखांनी ओरबाडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी लेक कामावरून आली, तिने ते बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, आता पप्पांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल."

मी तोंडाला येईल ते बोलले. बापाला टाकायला निघालीस म्हटलं. इथे राहून इथल्यासारखी झालीस म्हटलं. परत पुण्याला जाऊ म्हटलं, मी एकटी सांभाळीन. कुणाकडे जाणार होते? भाड्याचं घर सोडून आलो होतो, दीर गेले, माझी बहीण तिच्या सुनेच्या जिवावर. आणि माझे गुडघे असे, की हे पडले तर मला त्यांना उचलता येत नाही. लेक कपांचं प्रेस उघडून त्यात तोंड घालून उभी राहिली, काहीतरी शोधतेय असं दाखवत. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ती रडतेय हे मला पाठीवरून कळत होतं, तरी मी गप्प बसले नाही.

जागा मिळाली. सोमवारी सकाळी अकराला आणा म्हणाले. बसने पंचवीस मिनिटांवर आहे ते होम, स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, दाराला आकड्यांचं कुलूप आहे. माझ्याकडे सहा दिवस होते.

त्या सहा दिवसांत मी देवाला स्पष्ट सांगितलं. बरं कर असं मी मागितलं नाही, एवढी अक्कल मला आहे. म्हटलं, सोमवारच्या आत एकदा, पाच मिनिटं, यांना मी कोण ते कळू दे आणि यांना माझ्याजवळ बसू दे. परक्या आयांजवळ बसले तसे. बाकी तुझं काय ते तू बघ.

मग मी माझ्याकडून काय काय केलं ते आता लिहितानाही लाज वाटते. लग्नातली साडी नेसले. पावडर लावली, या वयात. त्यांचं आवडतं गीत हार्मोनियमशिवाय, बेसूर, तीन तीनदा म्हटलं. त्यांनी हात जोडून ऐकलं आणि "छान आवाज आहे, बाई" म्हणाले. शनिवारी मी शेवटचा उपाय केला. आमच्या मुलाचा एकच फोटो आहे, दवाखान्यातल्या सिस्टरने काढलेला, दुपट्यात गुंडाळलेला. तो मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं बायबलात ठेवलाय, त्यांना कधी दाखवला नाही. तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नीट केला, फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला.

"गोड आहे बाळ," म्हणाले. "कुणाचं?"

मी फोटो परत घेतला. रविवारी चर्चला गेले नाही.

रविवारी दिवसभर मी त्यांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवल्या. होममध्ये कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव लागतं, बनियन, मोजेसुद्धा. फौजेत निघाले तेव्हा त्यांच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव मीच घालून दिलं होतं.

सोमवारी सकाळी आठला लेकीने यांना डायबेटिसच्या गोळ्या दिल्या आणि समोर ओटच्या पॉरिजचा बाऊल ठेवला. यांनी बाऊलला हात लावला नाही. खातील मागाहून म्हणून ती वर बॅग भरायला गेली. जावई गाडीत पेट्रोल भरायला गेला होता. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. काही करत नव्हते.

साडेनऊच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं. हे चौकटीत उभे होते, ब्लेझर घालून, टोपी घालून. म्हणाले, "बाई, थोडं पाणी मिळेल का?"

मला लगेच कळलं. लेकीला हाक मारता आली असती, रेडिओ लावता आला असता, काहीतरी बोलून त्यांचं लक्ष दुसरीकडे वळवता आलं असतं. मी यातलं काही केलं नाही. मी पेला घेतला, नळाचं पाणी भरलं आणि त्यांना दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, पेला टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी उभी राहिले. मी बसले नाही तर ते सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. घड्याळात पाच-सात मिनिटं गेली असतील. त्यांनी घाई केली नाही, बसा असंही म्हणाले नाहीत. त्या जंगलातल्या बायका अशाच उभ्या राहिल्या असतील, चुलीशी, दाराशी, आणि हे असेच थांबले असतील. शेवटी माझे गुडघे ऐकेनात. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, हुद्द्यासकट. आणि म्हणाले, "गेले."

मी रडले. खोटंखोटं नाही. बातमी खरीच होती, दोन वर्षं मला ती कुणी नीट सांगितली नव्हती. डॉक्टर स्कॅन दाखवत होते, लेक धीर देत होती, चर्चमधले लोक प्रार्थना करतो म्हणत होते. 'गेले' एवढं कुणी म्हटलं नव्हतं. मी पदर तोंडाशी धरून रडले आणि ते समोर बसून राहिले. मध्ये काही बोलले नाहीत, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. पण कुठे उठूनही गेले नाहीत.

मग मी पण सगळ्या आयांनी विचारलं तेच विचारलं. "शेवटी काही बोलले का? माझ्याबद्दल?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी फिरवली. "माहीत नाही, बाई. मी तिथे नव्हतो."

मी मान हलवली. खोटं ते बोलत नाहीत, मला ठाऊक होतं. मला वाटलं झालं आता. पण ते टोपी फिरवतच होते. मग म्हणाले, "मला उशीर झाला. वर बर्फ होतं, रस्ता बंद होता. बावीस दिवस लागले मला. मला यायचं होतं, बाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. एका अनोळखी बाईकडे बघावं तसंच बघत होते, दयेने. तरी मी विचारलं. मागे एकदा विचारून झालं होतं, तरी पुन्हा. "मग आल्यावर बसला का नाहीत माझ्याजवळ?"

त्यांना प्रश्न नीट कळला नसावा. जरा गोंधळले. म्हणाले, "बसलोय की."

पावणेअकराला गाडी दारात आली. लेक बॅग घेऊन खाली उतरली. "चला पप्पा," म्हणाली. हे हलले नाहीत. तिच्याकडे बघून हळूच म्हणाले, "या बाईंनी अजून काही खाल्लं नाही."

लेकीला ती पद्धत माहीत आहे. मीच कधीतरी तिला सांगितली होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या समोर बसलेल्या बापाकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवली. मग ब्रेडला लोणी लावून माझ्यासमोर आणून ठेवलं. "मम्मी, खा ना."

"भूक नाही," मी म्हटलं.

अकरा वाजले. होममधून फोन आला, जावई बाहेर जाऊन बोलला. सव्वाअकरा झाले. लेक म्हणाली, "मम्मी, प्लीज." मी ब्रेडकडे बघितलंसुद्धा नाही. का खाऊ? मी खाल्लं की ते उठणार. खाल्लं नाही तर इथेच, माझ्यासमोर, आज, उद्या, परवा. पेज करणाऱ्या त्या आईने दोन दिवस बसवलं होतं. मी तिच्याहून हट्टी आहे, चार दिवस बसवीन. मला खरंच असं वाटलं. मी मनाशी हिशेबही केला, की नुसत्या पाण्यावर माझ्यासारखी बाई किती दिवस निभावेल.

यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी आधी लक्ष दिलं नाही. टोपी हलत होती गुडघ्यावर. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला. लेक पटकन वाकली, त्यांचं मनगट धरलं. "शुगर उतरतेय. गोळी घेतलीय आठला, आणि पोटात काही नाही," ती म्हणाली. पॉरिज तसंच होतं, वर साय धरलेली. तिने ज्यूस त्यांच्या ओठाशी नेला, त्यांनी तोंड फिरवलं. केळं सोलून दिलं, त्यांनी हात मागे घेतला. "आधी बाई," म्हणाले. जीभ जरा जड झाली होती. पुन्हा म्हणाले, "आधी बाई."

लेक नुसती माझ्याकडे बघत राहिली, केळं हातात धरून.

मी ब्रेडचा तुकडा तोडला. तोंडात घातला. गिळवेना. चावत राहिले, चावत राहिले, घशाखाली उतरेना, पाण्याचा घोट घेऊन ढकलला. त्यांचाच पेला होता तो. दुसरा तुकडा तोडला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आई लेकराकडे बघते तसे. दुसरा घास गेला तशी त्यांनी मान हलवली, बरं झालं अशी. मग लेकीच्या हातातलं केळं घेतलं आणि खाल्लं, ज्यूस प्यायले. हाताची थरथर थांबायला दहा मिनिटं लागली. मी तिसरा तुकडा हातात धरून बसले होते.

मग ते उठले. टोपी घातली, ब्लेझर खालून ओढून सरळ केला.

"येतो, बाई," म्हणाले. आणि स्वतःच गाडीपाशी चालत गेले.

आता मी रोज दुपारी बसने जाते. गेल्या गेल्या रिसेप्शनवर विचारते, हे जेवले का. जेवले म्हणाले तरच आत जाते. नसतील जेवले तर बाहेर थांबते. मी खोलीत शिरले की त्यांना काहीतरी होतं खरं. कधी मला बघून ते पाणी मागतात, कधी न मागताच टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. बातमी कधी सांगतात, कधी सांगायची विसरतात. मी कोण ते एकदाही कळलेलं नाही. पण बसतात.

तिथल्या मुली फार चांगल्या आहेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि दोन जिंजर बिस्किटं आणून देतात. रोज म्हणतात, घ्या ना, इतक्या लांबून आलात. मी म्हणते, "नो थँक्स, आय ॲम ग्रँड." त्यांना वाटतं मी संकोचते. बिस्किटं बशीत तशीच ठेवते, आणि हे माझ्यासमोर बसून राहतात, साडेचारच्या बसपर्यंत.